जादूची शाळा आणि सख्खी भावंडं : कादंबरी कुठल्या क्रमानं लिहावी

ओळखीपाळखीतून माझ्याकडे वाचायला येणाऱ्या हस्तलिखितांत जादूच्या शाळेची एक तरी कादंबरी असतेच. अलीकडे त्या शाळेत एकटं पोर जात नाही, भाऊ-बहीण जोडीनं जातात. कल्पना चांगली आहे. पण बहुतेक हस्तलिखितं एकाच जागी बसतात. तिसऱ्या प्रकरणानंतर ती दोघं नुसते वर्गमित्र होतात. एकत्र मंत्र म्हणतात, एकत्र तळघरात उतरतात, एकत्र संकटात सापडतात. त्यांच्या जागी दोन शेजारी घातले तरी कादंबरीचं काही अडत नाही. भावंडं असण्याचा जो काही उपयोग व्हायचा, तो पहिल्याच पानावर ‘तिचा लाडका धाकटा भाऊ’ एवढ्या शब्दांत उरकलेला असतो.

कारण लिहिण्याचा क्रम उलटा असतो. आधी शाळेचं नाव, मग नकाशा, मग गणवेशाचा रंग, मग गुरुजींच्या दाढीची लांबी, आणि उरलेल्या जागेत भावंडं. खाली तोच क्रम सुलट करून दिला आहे. दहा ते चौदा वर्षांचे वाचक आणि चाळीस-पन्नास हजार शब्दांची कादंबरी धरून चाललो आहे. उदाहरणासाठी सगळीकडे एकच जोडी वापरतो : तेरा वर्षांची गोदा आणि अकरा वर्षांचा विठू.

## तयारी : वही, महिनाभर वेळ आणि दोन जुन्या गोष्टी

शंभर पानी वही घ्या आणि तिचे चार भाग करा : हिशेब, नियम, वेळापत्रक, नकाशा. याच क्रमानं. नकाशा मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो काढायला सगळ्यात मजा येते आणि तिथंच महिना जातो. पहिला महिना एकही प्रकरण लिहू नका.

या महिन्यात दोन गोष्टी पुन्हा वाचा. त्या तुम्हाला ठाऊक आहेत, पण लिहिणाऱ्याच्या नजरेनं वाचलेल्या नसतील. एक, महाभारताच्या आदिपर्वातली कच-देवयानीची. शुक्राचार्यांच्या आश्रमात संजीवनी शिकायला गेलेला परका विद्यार्थी, ही आपली जादूच्या शाळेची गोष्टच आहे. दुसरी, निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या चार भावंडांबद्दलच्या आख्यायिका. श्रद्धेला धक्का न लावता त्यांची फक्त रचना बघायची आहे. दोन्हींचा उपयोग पुढे येईल.

## टप्पा १ : भावंडं किती आणि कितव्या नंबरची

नावं अजून ठेवू नका. आधी संख्या ठरवा.

दोन सोपी. तीन अवघड, कारण मधलं हरवतं. माझ्या पहिल्यावहिल्या हस्तलिखितात तीन भाऊ होते आणि मधला सहाव्या प्रकरणात स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला तो चौदाव्या प्रकरणापर्यंत परत आलाच नाही. तिघा मित्रांनी वाचलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या बहिणीनं मात्र पहिला प्रश्न विचारला, “मधल्याचं काय झालं?” ती स्वतः मधली.

मग वयातलं अंतर. दोन वर्षं सगळ्यात सोयीचं : शाळा एक, वर्ग वेगळे, आणि मोठीची जुनी पुस्तकं धाकट्याला येतात. चार-पाच वर्षांचं अंतर असेल तर थोरलं भावंड अर्धं पालक होतं आणि गोष्ट वेगळीच होते. जुळ्यांचा मोह होतो, पण तो आवरा. जुळ्यांची कादंबरी बहुतेक वेळा ओळखीच्या घोटाळ्यावर संपते.

आता त्या चार भावंडांकडे या. त्यांची परंपरेनं सांगितली जाणारी जन्मवर्षं १२७३, १२७५, १२७७ आणि १२७९ आहेत. म्हणजे प्रत्येकात दोन वर्षांचं अंतर. पण अधिकार वयाच्या उतरंडीनं चालत नाही. थोरला निवृत्ती हा ज्ञानदेवांचा गुरू, इथपर्यंत ठीक. मात्र रुसून झोपडीची ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांना समजावून बाहेर काढते ती सगळ्यांत धाकटी मुक्ताई, आणि वयोवृद्ध चांगदेवांची गुरूही तीच होते. जन्माचा क्रम एक, शहाणपणाचा क्रम दुसरा. या दोन क्रमांत जी फट पडते, तिथं तुमची कादंबरी सुरू होते.

आमच्या उदाहरणात गोदा थोरली, अभ्यासू आणि भित्री. विठू धाकटा, उनाड, पण माणसं अचूक ओळखणारा.

तपासा : भावंडांपैकी प्रत्येकाचं असं एक घरकाम लिहा, जे तोच किंवा तीच करते. गोदा रात्री दाराची कडी तपासते. विठू दुकानातून उधारीवर सामान आणतो, कारण तिला मागायची लाज वाटते. असं काम सुचत नसेल तर ते पात्र अजून तयार नाही.

## टप्पा २ : हिशेबाची पानं

हा टप्पा गाळला तर पुढचे सगळे फुकट. म्हणून इथं जरा थांबतो.

भावंडं म्हणजे वाटणी. एक लाडू, दोन पोरं. घरोघरचा कायदा असतो : जो कापेल त्यानं शेवटी उचलायचं. त्यामुळे कापणाऱ्याची नजर सोनाराच्या काट्यासारखी होते. एक खिडकीजवळची जागा. एक सायकल. आईचा एक मोकळा हात. शेजारी खेळायला येतो आणि घरी जातो, पण भावंड रात्रीही तिथंच असतं, आणि कालचा हिशेब उद्या निघतो. वाचकाला जोडी खरी वाटते ती प्रेमामुळे नव्हे, या थकलेल्या उधारीमुळे.

वहीच्या पहिल्या भागात दोन रकाने आखा : कुणाचं देणं, कुणाचं येणं. किमान दहा नोंदी करा. नोंदी लहान हव्यात. आमच्या वहीतल्या काही :

विठूनं घरमालकाची कुंडी फोडली, बोलणी गोदानं खाल्ली. विठूला हे ठाऊक आहे, आणि त्याला ठाऊक आहे हे गोदाला माहीत नाही.

गोदाच्या सहलीचे पैसे भरले, म्हणून त्या वर्षी विठूला नवे बूट मिळाले नाहीत. त्यानं तक्रार केली नाही. बुटाच्या भोकातून अंगठा बाहेर काढून तो हलवून दाखवायचा, सगळे हसायचे. गोदा हसली नाही.

आजीनं मरताना गोदाचा हात धरला होता. विठू दाराशी उभा होता. यावर दोघं कधी बोललेले नाहीत.

यातल्या तिन्ही नोंदी पुढे कादंबरीत वटवायच्या आहेत. कुंडीची तिसऱ्या प्रकरणात, बुटांची मध्यावर, आजीची शेवटाकडे. लहानापासून मोठ्याकडे, याच ओळीनं.

सावधान : आई-वडील अपघातात गेले, घर जळालं, अशा नोंदी इथं नकोत. अनाथ पोरं ही लेखकाची सोय असते. आई-बाप जिवंत ठेवा, कामात बुडालेले ठेवा आणि रविवारी फोन करणारे ठेवा. फोनवर कोण आधी बोलणार, हीसुद्धा वाटणीच.

## टप्पा ३ : जादूची किंमत

आता वहीचा दुसरा भाग. जादू काय करू शकते याची यादी लिहू नका. ती काय घेते ते लिहा.

कचाची गोष्ट इथं कामाला येते. असुर त्याला तीनदा मारतात. तिसऱ्यांदा त्याची राख मद्यात कालवून खुद्द शुक्राचार्यांनाच पाजतात. आता कच जिवंत व्हायचा तर गुरूचं पोट फाडून यावं लागणार. म्हणून गुरू पोटातल्या शिष्याला संजीवनी शिकवतात, तो बाहेर येतो आणि मेलेल्या गुरूला उठवतो. पुढे देवयानी लग्नाचं विचारते तेव्हा कच म्हणतो, ज्या पोटातून तू आलीस तिथंच मी राहिलो, म्हणजे तू माझी बहीण. ती शाप देते की तुझी विद्या तुला फळणार नाही. तो म्हणतो, मी जिला किंवा ज्याला शिकवीन त्याला फळेल. बघा : प्रत्येक वळणावर नियम आहे, नियमातून पेच आहे, आणि शेवटी नातंसुद्धा जादूच्या नियमातूनच निघालं आहे. ‘विद्या मिळाली पण स्वतःला वापरता येत नाही’ या एका नियमावर तीन कादंबऱ्या उभ्या राहतील.

दुसरा नमुना मांड्यांचा. मुक्ताईला मांडे करायचे असतात, पण या भावंडांचा दुस्वास करणारा विसोबा गावातल्या कुंभारांना तिला खापर देऊ देत नाही. ज्ञानदेव आपली पाठ तापवतात आणि ती त्यावर मांडे भाजते. चमत्कार केवढा? एका भांड्याच्या अडचणीएवढा. बहीण रडवेली झाली म्हणून भावाची पाठ. जादूचं कारण घरगुती, किंमत अंगावर. नवशिके याच्या नेमकं उलट करतात : कारण विश्वाचं रक्षण, आणि किंमत काहीच नाही.

आमच्या कादंबरीचे नियम तीन ओळींत बसतात :

१. जादूनं नवं काही तयार होत नाही; जे मिळतं ते कुणाकडून तरी येतं.
२. ते आधी सगळ्यांत जवळच्या रक्ताकडून येतं.
३. ज्याच्याकडून जातं त्याला ते गेल्याचं लगेच कळत नाही.

गोदा वर्गात हाताच्या ओंजळीत उजेड धरते, सगळे टाळ्या वाजवतात, आणि शेजारच्या वर्गात विठूला साताचा पाढा आठवेनासा होतो. ती पहिली येते, तो आईच्या आमटीची चव विसरतो. आता भावंडं काढून तिथं शेजारी घालून बघा. गोष्ट चालणारच नाही.

तपासा : नियम पाच ओळींपेक्षा जास्त झाले का? अर्धे खोडा. एखादा नियम भावंडं नसतानाही तसाच लागू पडतो का? तोही खोडा.

सावधान, शब्दांबाबत : ‘जादू’, ‘विद्या’, ‘किमया’, ‘सिद्धी’ यांतला एक शब्द निवडा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. ‘जादूटोणा’, ‘करणी’, ‘भानामती’, ‘मूठ मारणे’ हे गमतीचे शब्द नाहीत. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, आणि तो आला कारण अशा आरोपांत आणि अघोरी उपायांत खरी माणसं भरडली जातात. कादंबरीला कायदा आडवा येत नाही. पण ‘करणी शिकवणारी मजेदार शाळा’ असं लिहिलंत तर वाचकाच्या मनात मंत्रशाळेऐवजी बुवा उभा राहील.

## टप्पा ४ : शाळा उभी करा, आधी बादलीपासून

बुरूज नंतर. आधी बादली. वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही विचारा : पत्र्याची पेटी, तिचं कुलूप, ऑइल पेंटनं नाव लिहिलेली बादली, ताट-वाटी, अंघोळीची रांग. अधीक्षकांची रात्रीची हजेरी. सकाळचा परिपाठ, शनिवारची सकाळची शाळा, सहामाही, प्रगतिपुस्तकावर पालकांची सही. ही हाडं खरी असली की वर जादूचं कितीही मांस चढवा. आणि निम्मे विनोद इथूनच फुकट मिळतात. जादूच्या शाळेतही शाळा सोडल्याचा दाखला लागणारच, आणि त्यावर ‘वर्तणूक : चांगली’ हेच लिहिलेलं असणार, मग पोरानं अख्खी विहीर उलटी टांगली असली तरी.

घरापासून दूर ठेवणाऱ्या निवासी शाळेचा नमुना हवा तर जवाहर नवोदय विद्यालयाची रचना बघा. जिल्ह्यातून निवड परीक्षा, सहावीत प्रवेश, मुलं-मुली एकत्र, राहणं-खाणं-शिकणं सरकारी खर्चानं, आणि नववीत काही मुलांची वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रांतातल्या विद्यालयात रवानगी. हा शेवटचा नियम कादंबरीकारानं उचलावा असाच आहे. दोघांपैकी एकाला वर्षभर परक्या भाषेत जादू शिकायला पाठवलं तर? गोदाला नववीत हे होऊ घातलं आहे, ही टांगती तलवार आम्ही पहिल्या प्रकरणापासून लटकवली आहे.

जागा निवडताना हवामान आधी निवडा. आमची शाळा आंबोलीच्या अंगानं जाणाऱ्या घाटात आहे. तिथं वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर धुक्यात दोन हातांवरचं माणूस दिसत नाही, गाद्यांना बुरशीचा वास येतो, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. ‘गूढ वातावरण’ हे शब्द न लिहिता गूढ वातावरण तयार. शिवाय सुक्या कपड्यांसाठी जादू वापरायचा मोह हा पोरांचा पहिला गुन्हा ठरतो. गोदा स्वतःचा फ्रॉक वाळवते आणि विठूच्या पेटीतले सगळे कपडे ओले निघतात.

विषयही आपल्याकडचेच घ्या. आजी-आजोबांच्या पिढीनं पाठ केलेले अपूर्णांकांचे पाढे आठवा : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. वाटणीची जादू शिकवायला याहून चांगला अभ्यासक्रम कुठला? पहिल्या वर्षाला निमकी : वस्तू न मोडता अर्धी करणे. औटकी फक्त वरच्या वर्गांना, आणि ती शिकवताना दारं बंद. लिपीसाठी मोडी आहे. तिच्यात आधी ओळीभर रेघ ओढून घेतात आणि मग शक्यतो हात न उचलता अक्षरं लिहीत जातात. हात उचलला की मंत्र तुटला, असा नियम त्यातून सहज निघतो.

तपासा : शाळेतला कुठलाही एक सामान्य मंगळवार सकाळी पाचपासून रात्री दहापर्यंत लिहून काढा, जादूचा एकही प्रसंग न घालता. तो कंटाळवाणा वाटला तर शाळा अजून उभी नाही.

## टप्पा ५ : प्रवेश

सगळ्यांत जास्त हस्तलिखितं इथं घसरतात. दोघांना एकाच दिवशी, एकाच लिफाफ्यातून बोलावणं येतं. दोघं उड्या मारतात. संपलं. वाटणीचा पहिला मोठा प्रसंग वाया गेला.

यादीत एकाचंच नाव हवं. क्रम असा ठेवा :

प्रथम यादी. गोदाचं नाव आहे, विठूचं नाही. (किंवा उलट, आणि ते जास्त बोचरं. थोरलीनं दोन वर्षं अभ्यास केला आणि निवड झाली सोबत म्हणून गेलेल्या धाकट्याची.)

मग घरातली प्रतिक्रिया. इथं घाई नको, पूर्ण प्रकरण द्या. आई आनंदानं साखर वाटते, पण विठूच्या हातावर ठेवताना दुप्पट ठेवते. त्याला ती दुप्पट साखर कळते.

त्यानंतर दुसऱ्याचा मार्ग. तो शाळेत कसा पोचतो हे त्याच्या स्वभावातून यावं. विठू माणसं ओळखतो, म्हणून तो शाळेला डबे आणि डाक पोचवणाऱ्या एसटीच्या कंडक्टरशी ओळख काढतो आणि शाळेच्या स्वयंपाकघरात हरकाम्या म्हणून शिरतो. पुढे वर्गात येतो, पण पटावर त्याचं नाव पेन्सिलनं लिहिलेलं असतं.

प्रवास सगळ्यांत शेवटी, आणि तोही थोडक्यात.

सावधान : न निवडलेल्या भावंडाकडे ‘खरी, सगळ्यांत मोठी शक्ती’ निघते, हे वळण वाचक लिफाफा फोडायच्या आधीच ओळखतात. विठूकडे शक्ती देऊ नका. त्याच्याकडे हिशेब द्या. काय काय हरवतंय हे पहिल्यांदा त्याच्या लक्षात येऊ द्या.

## टप्पा ६ : वर्ष आखा

हे लवकर उरकतं, कारण शाळेचं वर्ष आपोआप आकार देतं. जूनमध्ये प्रवेश आणि पाऊस (विदर्भात शाळा ठेवली असेल तर उन्हामुळे थोडी उशिरा सुरुवात). सहामाहीत पहिलं अपयश. दिवाळीला घर. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलन, म्हणजे सगळ्यांसमोर फजिती. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा आणि शेवट. वीस प्रकरणं धरा, प्रत्येकी दोन ते अडीच हजार शब्दांची.

दिवाळीचं घरी जाणं गाळू नका. शाळेत कमावलेलं आणि गमावलेलं तिथंच मोजलं जातं. भाऊबीजेला गोदा ओवाळते, विठूनं ताटात काय टाकायचं? त्याच्याकडे काही उरलेलं नाही, आणि का उरलं नाही हे तिला त्या क्षणी कळतं. आमच्या कादंबरीचा मध्य हाच आहे. याच्या आधीचं सगळं तिथं घेऊन जातं, नंतरचं सगळं तिथून निघतं.

## टप्पा ७ : कोण सांगतंय, आणि हाक कशी मारतंय

एक प्रकरण बहिणीचं, एक भावाचं, दोघंही ‘मी’ म्हणून सांगतात, हा प्रकार लोकप्रिय आहे आणि बहुतेक वेळा फसतो. दोघांचा आवाज लेखकाचाच येतो. मराठीत ‘मी गेले’ आणि ‘मी गेलो’ यातून कोण बोलतंय ते कळतं, म्हणून लेखक गाफील राहतो. (कोल्हापूरकडची मुलगी ‘मी गेलो’ म्हणेल, तिथं तर तोही आधार नाही.) पहिल्याच कादंबरीला ‘तो-ती’नं सांगा आणि प्रकरणागणिक एकाच्याच खांद्यामागे उभे राहा.

हाकेचं मात्र नीट बघा. धाकटा थोरलीला नावानं हाक मारत नाही, ‘ताई’ म्हणतो. नावानं मारली तर ते भांडण असतं किंवा संकट. बऱ्याच जादूच्या गोष्टींत खऱ्या नावाला बळ असतं. मग ज्यानं जन्मभर ताईचं नाव उच्चारलेलंच नाही, त्या विठूच्या तोंडी हे शस्त्र न वापरलेलं, कोरं करकरीत आहे. एकोणिसाव्या प्रकरणात तो ‘गोदा!’ म्हणून ओरडतो. त्याआधी एकदाही नाही. मी दुसऱ्या मसुद्यात शोधलं तर चार ठिकाणी त्याच्या तोंडी नाव सापडलं. सगळी काढली.

शाळेत आणखी एक गंमत. वर्गासमोर ‘ताई’ म्हटलं की पोरं चिडवतात, म्हणून तो ‘ए’ म्हणू लागतो. ती दुखावते. एका अक्षराचं भांडण, पण भावंडांमध्ये अशीच भांडणं होतात.

आता संवाद. हस्तलिखितांत हमखास येणारं वाक्य : “दादा, मला तुझा खूप अभिमान वाटतो.” सख्खी भावंडं असं बोलत नाहीत. निदान तोंडावर नाही. घरून एसटीनं डबा आला आहे, दोघांत एक. हा प्रसंग आम्ही असा लिहिला :

“किती होत्या?”

“अकरा.”

“म्हणजे पाच तुझ्या, पाच माझ्या. एक?”

“एसटीत तुटली.”

“तुटली तर तुकडे कुठायत?”

विठूनं ओठाच्या कोपऱ्याला चिकटलेला तीळ जिभेनं आत ओढला. गोदानं डब्याचं झाकण लावलं, मग पुन्हा उघडलं आणि आपल्या पाचातली एक त्याच्या पुढ्यात ठेवली. “ही पण तुटेल,” ती म्हणाली.

चकली हा शब्द यात एकदाही नाही, प्रेम हाही नाही. तीळ आहे.

तपासा : दोन पानं संवाद लिहा, बोलणाऱ्यांची नावं झाका आणि कुणाला तरी वाचायला द्या. थोरलं कोण, धाकटं कोण हे त्याला कळलं पाहिजे.

## टप्पा ८ : मंत्र

खोटं संस्कृत नको. ‘अग्निं प्रज्वलय’ छापाचं काहीतरी जुळवलं की जाणकार वाचक व्याकरण तपासत बसतो आणि पोरांना ते प्रार्थनेसारखं वाटतं. निरर्थक परदेशी ध्वनी तर नकोच. मंत्र ओवीच्या चालीत, पाढ्याच्या चालीत किंवा कोड्याच्या रूपात लिहा आणि मोठ्यानं म्हणून बघा. दोन श्वासांपेक्षा लांब झाला तर तोडा. संपूर्ण कादंबरीत सहा-सात पुरेत.

कांडीच्या जागी आम्ही छडी घेतली. आपल्याकडे जादूगाराच्या हातातली आणि मास्तरांच्या हातातली वस्तू एकाच नावाची आहे, हा योगायोग सोडवत नाही.

## टप्पा ९ : खलनायक

यावर फार वेळ घालवू नका. तुमचा दुसरा नियम नीट असेल तर खलनायक आपोआप निघतो : ज्यानं किंमत दुसऱ्याकडून वसूल करण्यात आयुष्य घालवलं. आमच्या कादंबरीतल्या मुख्याध्यापिकेला एक भाऊ होता. ‘होता’ एवढंच आठव्या प्रकरणात कळतं. अधूनमधून गडगडाटी हसणारा काळा झगेवाला हवाच असेल तर तो स्नेहसंमेलनातल्या नाटकात घाला.

## टप्पा १० : फेरलेखन

मसुदा पुरा झाल्यावर तीन आठवडे पेटीत ठेवा. मग पुढच्या ओळीनं तपासा, सगळं एकदम नको.

आधी वही उघडा आणि हिशेबाच्या दहाही नोंदी कादंबरीत कुठं वटल्या ते पानाच्या क्रमांकासह लिहा. न वटलेली नोंद एकतर वापरा, नाहीतर तिचा उल्लेखच काढून टाका. माझ्या पाहण्यात सगळ्यांत जास्त सुटते ती मध्यम आकाराची नोंद, बुटांसारखी. मोठी आठवते, लहान गमतीत येऊन जाते.

मग फक्त जादूचे प्रसंग वाचा. प्रत्येकाच्या समासात लिहा : काय मिळालं, कुणाचं गेलं. दुसरी जागा कोरी राहिली तर तो प्रसंग नुसता आतषबाजी आहे.

त्यानंतर अदलाबदल. कुठलंही एक प्रकरण घ्या, भावंडांच्या जागी दोन मैत्रिणी घाला आणि वाचा. काहीही खटकलं नाही, तर ते प्रकरण पुन्हा लिहा. माझ्या गेल्या मसुद्यात वीसपैकी सात प्रकरणं अशी निघाली, आणि त्यातली पाच तळघरातली होती. तळघरात शिरलं की माणसं नाती विसरतात, असं दिसतं.

शेवटी वाचक. मित्रांना देऊ नका. खरी भावंडं शोधा, दहा ते चौदा वयाची, एकाच घरातली. एकच छापील प्रत द्या, दोन नाही. कोण आधी वाचणार यावरून त्यांची जुंपली तर मध्ये पडू नका, फक्त वही जवळ ठेवा. वाचून झाल्यावर दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवून एकच प्रश्न विचारा : “यात कुणावर अन्याय झाला?” थोरलीनं गोदा म्हटलं आणि धाकट्यानं विठू म्हटलं, तर मसुदा प्रकाशकाकडे पाठवा. दोघांनी एकच नाव घेतलं, तर टप्पा दोनपासून पुन्हा.